आईवडिलांचा सिनेमा जपताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझे बाबा मराठी सिनेमाचे दिग्दर्शक होते. ते गेले तेव्हा दादरच्या आमच्या घरात, माळ्यावर आणि पलंगाखालच्या पेट्यांत, पत्र्याचे एकतीस डबे, पटकथांची बाडं आणि कॅसेटींची दोन खोकी निघाली. हे सांभाळायचं कसं, ते मला सांगणारं कोणी नव्हतं. चुका करत शिकले. आता कॅमेरामनची मुलगी, निर्मात्याचा नातू, संकलकाची सून असे कोणी ना कोणी विचारत असतात, आणि प्रश्न बहुतेक तेच असतात. म्हणून उत्तरं इथे एकत्र ठेवली आहेत. कायद्याबद्दल लिहिलंय ते दिशा कळावी एवढ्यासाठी. सही करण्याआधी कागद कॉपीराइटचं काम करणाऱ्या वकिलाला दाखवाच.

१. घर आवरायचंय. रिळं, फायली, कॅसेटी सगळं पडून आहे. सुरुवात कुठून करू?

रद्दीवाल्याला बोलावू नका, हे पहिलं. वस्तू हलवण्याआधी जिथे आहे तिथेच तिचे फोटो काढा. कोणता डबा कोणत्या फायलीशेजारी होता यावरूनही पुढे बरंच कळतं. मग यादी करा, साध्या वहीत केली तरी चालेल. प्रत्येक डब्याला नंबर द्या, झाकणावरचा मजकूर जसाच्या तसा उतरवा, आत लॅबची (फिल्म धुऊन प्रिंट काढणाऱ्या प्रयोगशाळेची) चिठ्ठी असेल तर तिचा फोटो घ्या. ‘पिक्चर निगेटिव्ह’, ‘साउंड निगेटिव्ह’, ‘मास्टर पॉझिटिव्ह’ (पुढच्या प्रती काढण्यासाठी निगेटिव्हवरून केलेली प्रत) यांतलं काही दिसलं तर ठळक लिहा, कारण थिएटरात फिरून आलेल्या प्रिंटपेक्षा या वस्तू मोलाच्या. झाकणावर पूर्ण विश्वास मात्र टाकू नका. आमच्या एका डब्यावर बाबांच्या सिनेमाचं नाव आणि ‘रीळ ७’ असं होतं. आत गिरगाव चौपाटीवरच्या विसर्जनाचं १६ एमएमचं चित्रण निघालं. खरं सातवं रीळ अजून सापडलेलं नाही.

यादीच्या बरोबरीनं माणसं गाठा. सहायक, मेकअपमन, लाइटमन, प्रॉडक्शन सांभाळणारे. त्यांच्यासमोर जुने फोटो ठेवा, फोनवर रेकॉर्डिंग सुरू करा आणि ‘हे कोण?’ एवढंच विचारत जा. बाबांच्या साउंड रेकॉर्डिस्टना मी ‘पावसाळा संपला की येते’ म्हणाले होते. ते गणपतीतच गेले. डबे आणखी चार महिने थांबले असते.

२. डबा उघडला की व्हिनेगरसारखा वास येतो. फिल्म गेली का?

गेलेली नाही, पण जायला लागली आहे. ‘सेफ्टी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या फिल्मचा पाया अ‍ॅसिटेटचा असतो. उष्णता आणि दमटपणा लागला की तो विघटित होऊन अ‍ॅसिटिक आम्ल सोडतो, आणि तेच आम्ल विघटनाचा वेग वाढवतं. फिल्म आकसते, वाकडी होते, शेवटी चित्राचा थर सुटतो. ही क्रिया उलटवता येत नाही. थंड, कोरड्या जागी ती मंदावते, एवढंच.

वासाचे डबे आजच वेगळ्या खोलीत न्या; त्यांतून निघणारी वाफ शेजारच्या चांगल्या फिल्मलाही लागते. गंजलेल्या पत्र्याऐवजी हवा खेळेल असे प्लास्टिकचे डबे घ्या. आम्लाची पातळी दाखवणाऱ्या कागदी पट्ट्या मिळतात: निळी पट्टी हिरवी आणि मग पिवळी होत जाते. पिवळ्याकडे झुकलेली रिळं स्कॅनिंगच्या रांगेत सर्वांत पुढे ठेवा. आणि हौसेनं प्रोजेक्टरवर चढवून बघू नका. आकसलेल्या फिल्मची छिद्रं दात्यांवर बसत नाहीत आणि पट्टी फाटते. हे मी केलंय, आणि त्या रिळातली जवळजवळ दोन मिनिटं मी स्वतःच्या हातानं घालवली आहेत.

३. आजोबांच्या काळातली, १९४०च्या आसपासची रिळं आहेत. तीही अशीच ठेवू का?

नाही. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत ३५ एमएम फिल्म नायट्रेट या ज्वलनशील पायावर येत असे. ती भडकन पेटते, आणि जळताना स्वतःच ऑक्सिजन सोडत असल्यामुळे पाण्याखालीही विझत नाही. पुण्यात २००३च्या जानेवारीत नायट्रेटच्या गोदामाला आग लागली आणि आपल्या जुन्या सिनेमाचा मोठा ठेवा त्यात गेला. फिल्मच्या कडेला ‘सेफ्टी’ ही अक्षरं दिसली नाहीत, फिल्म चिकट झाली असेल किंवा डब्यात तपकिरी भुकटी असेल, तर डबा बंद करा, उन्हापासून आणि स्वयंपाकघरापासून दूर ठेवा आणि प्रश्न ९ मधल्या संस्थांना त्याच दिवशी फोन करा. कुरिअरनं किंवा लोकलनं नेऊ नका. १६ आणि ८ एमएमच्या घरगुती फिल्मबाबत ही भीती सहसा नसते.

४. मुंबईच्या हवेत घरी कुठे ठेवायचं?

फिल्मला ३० ते ५० टक्के आर्द्रता मानवते. आपल्याकडे पावसाळ्यात ती ८०च्या वर असते. तेव्हा घर म्हणजे फिल्मचं प्रतीक्षालय समजा.

माळा सर्वांत वाईट, कारण छताखाली उष्णता साठते. तळमजला आणि बाथरूमला लागून असलेली भिंतही नको. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा तळमजल्यावरच्या किती गोदामांतली रिळं पाण्यात गेली ते जुन्या वितरकांना विचारा. आतल्या खोलीतलं, जमिनीपासून फूटभर वर असलेलं लोखंडी कपाट बरं. डबे आडवे ठेवा, सहापेक्षा जास्त एकावर एक नको. एसी रात्री लावून दिवसा बंद करण्यापेक्षा ओलावा शोषणारं यंत्र सतत चालू ठेवलेलं चांगलं. तापमानाच्या रोजच्या चढउतारानं डब्यात दव धरतं. डांबराच्या गोळ्या ठेवू नका.

फिल्म भिजलीच, तर वाळवायला टांगू नका. वाळताना वेटोळी एकमेकांना चिकटतात. स्वच्छ थंड पाण्यात बुडवून ठेवा आणि तशीच जाणकाराकडे न्या.

५. घरी काहीच नाही. सिनेमाची निगेटिव्ह कुठे शोधू?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो, आणि उत्तर चिकाटीचं आहे. निगेटिव्ह सहसा लॅबमध्येच राहायची. निर्मात्यानं लॅबचे पैसे चुकवले नसतील तर लॅब ती अडवून ठेवायची, आणि पुढे फिल्म लॅबच बंद पडत गेल्या. आधी सेन्सॉर सर्टिफिकेटची प्रत मिळवा. तिच्यावर अर्जदाराचं नाव, रिळांची संख्या आणि लांबी असते. त्यावरून कोणाला विचारायचं आणि किती शोधायचं, दोन्ही कळतं. ३५ एमएमचं हजार फुटी रीळ साधारण अकरा मिनिटं चालतं; दोन तासांचा सिनेमा म्हणजे १०,८०० फूट.

मग पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय. १९६४पासून तिथे फिल्म जमा होत आहेत आणि आपल्या घरच्यांना कल्पना नसलेली प्रिंट तिथे असू शकते. लॅमिंग्टन रोडच्या नाझ इमारतीत पूर्वी वितरकांची कार्यालयं दाटीवाटीनं होती. त्यांच्या पुढच्या पिढीकडे जुनी पेटी असते. सिनेमा परदेशी महोत्सवात गेला असेल तर उपशीर्षकांची प्रिंट तिकडेच राहिलेली असू शकते. आमच्या एका सिनेमाची उत्तम प्रत अशीच मिळाली, महोत्सवाच्या आयोजकांना साधं पत्र लिहून. दूरदर्शनवर सिनेमा दाखवला असेल तर टेप असण्याची शक्यता धरा. पोस्टर आणि गाण्यांच्या पुस्तिकांसाठी चोरबाजार आहेच.

आणि नाही मिळालं तर? कृष्णधवल फिल्ममधली चांदी काढून घेण्यासाठी असंख्य रिळं विकली गेली. १९३१ साली मुंबईच्या मॅजेस्टिक थिएटरात झळकलेल्या ‘आलम आरा’ची, भारताच्या पहिल्या बोलपटाची, एकही प्रत आज उपलब्ध नाही. असं असेल तर पटकथा, स्थिरचित्रं आणि ध्वनिमुद्रिका यांवर सिनेमा उभा करावा लागतो. त्यातले कागद आणि फोटो कसे जपायचे ते प्रश्न १२ मध्ये.

६. बाबा दिग्दर्शक होते. म्हणजे सिनेमाचे हक्क आमचेच ना?

बहुधा नाहीत. हे ऐकून फोनवर रडलेली माणसं आहेत, पण आधीच कळलेलं बरं. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात सिनेमाचा कर्ता म्हणजे निर्माता. त्याचा हक्क प्रदर्शनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं टिकतो. १९७५मध्ये लागलेला सिनेमा २०३५ संपेपर्यंत संरक्षित आहे. १९५८च्या आधीच्या सिनेमांना जुन्या कायद्याचे नियम लागतात, तिथे स्वतः हिशेब करू नका.

कथा, पटकथा, गीतं आणि संगीत यांचे हक्क मात्र वेगळे आहेत आणि ते कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतात. बाबांनी पटकथा लिहिली असेल तर ती त्यांनी निर्मात्याला लेखी सोपवली होती का आणि नेमकी कशासाठी, हे करारात बघा. २०१२च्या दुरुस्तीनंतर लेखक, गीतकार, संगीतकारांना सिनेमागृहाबाहेरच्या वापराच्या मोबदल्यातला आपला वाटा करारानं सोडून देता येत नाही. तो कायदेशीर वारसांकडे मात्र येऊ शकतो. जुन्या करारांना ती दुरुस्ती कितपत लागते, ते वकिलालाच विचारा.

हक्क नसले तरी हाती काहीच नाही असं समजू नका. श्रेयनामावलीत चुकलेलं नाव दुरुस्त करवणं, निर्मात्याच्या वारसांना स्कॅनिंगसाठी तयार करणं, मुलाखती जमवणं, यासाठी कोणाची परवानगी लागत नाही. माझ्या कामाचा निम्मा भाग असाच आहे.

७. बाबांचंच बॅनर, म्हणजे निर्मिती संस्था, होतं. आम्ही तिघं भावंडं आणि आई. सही कोणाची?

मृत्युपत्र नसेल तर हिंदू वारसा कायद्यानुसार पत्नी, मुलगे आणि मुली यांचा वाटा सारखा. बाबांची आई हयात असेल तर तिचाही. लग्न झालेल्या बहिणीला वगळून केलेला सौदा पुढे अडकतो. बॅनर एकट्याच्या मालकीचं होतं की भागीदारीत, हे आधी तपासा. भागीदार असतील तर त्यांचे वारसही आले.

नंतर बाबांनी आयुष्यभरात केलेले सगळे विक्रीकरार तारखेनुसार लावा. ‘निगेटिव्ह राइट्स’, म्हणजे सिनेमाचे मूळ हक्कच, विकले का, सॅटेलाइटचे (टीव्ही वाहिन्यांवर दाखवण्याचे) किती वर्षांसाठी दिले, फक्त महाराष्ट्रापुरते की जगभरासाठी. आजच्या कायद्यानुसार करारात मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारत एवढाच धरला जातो. बऱ्याच घरांत ‘कायमचं विकलंय’ म्हणून सोडून दिलेलं यामुळे परत आलंय. करार किती सालचा आहे यावरही अवलंबून असतं. भावंडांनी आपसांत लेखी ठरवून एकाला बोलण्याचा अधिकार द्यावा. आमच्याकडे ते मी करते, आणि धाकट्या भावाला दर दिवाळीला हिशेब दाखवते.

८. निर्माता वारला, कंपनी बंद, वारस सापडत नाहीत. आता?

शोध घेतल्याचा पुरावा जमवत राहा: पत्रं, परत आलेले लिफाफे, वर्तमानपत्रातली जाहीर नोटीस. हक्कधारक सापडत नसलेल्या कृतीसाठी कायद्याच्या कलम ३१-अ खाली परवान्याचा अर्ज करता येतो. वेळ लागतो. दरम्यान फिल्म सडू देऊ नका. ती सुरक्षित जागी ठेवायला परवान्याची वाट बघावी लागत नाही.

९. संग्रहालयाला दिलं की आपला हक्क संपतो का?

कागदावर काय लिहिलंय त्यावर ठरतं. वस्तू सांभाळायला ठेवणं, वस्तू दान करणं आणि कॉपीराइट देणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्या दोन्हींत हक्क तुमच्याचकडे राहतात. पुण्याचं संग्रहालय आता राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाच्या छत्राखाली आहे. मुंबईत २०१४पासून फिल्म हेरिटेज फाउंडेशन हे काम करतं आणि फिल्म जपण्याचं प्रशिक्षणही देतं. देण्याआधी चार गोष्टी लिहून घ्या: स्कॅन केल्यास प्रत मला मिळेल का, प्रदर्शनाआधी विचारणार का, हवी तर वस्तू परत मिळेल का, आणि माझ्यानंतर कोणाशी बोलायचं.

पहिल्यांदा डबे गाडीत चढवताना माझा पाय घरातून निघेना. आता मात्र सांगते, घरच्या माळ्यावर ते डबे आणखी दहा पावसाळे टिकले नसते.

१०. डिजिटल करून घेतलं. रिळं टाकली तर चालेल?

कृपा करून टाकू नका. आजचं स्कॅन आजच्या यंत्राइतकंच चांगलं असतं. आमच्या एका सिनेमाचं पहिलं हस्तांतर टीव्हीसाठी टेपवर झालं होतं, ते आज मोठ्या पडद्यावर बघवत नाही. रिळं होती म्हणून फोर-के, म्हणजे मोठ्या पडद्याला पुरेल इतक्या बारकाव्याचं स्कॅन, करता आलं.

स्कॅनही सांभाळावं लागतं. दोन तासांच्या सिनेमात १,७२,८०० चौकटी असतात. टू-के मध्ये, म्हणजे त्याहून कमी बारकाव्याच्या स्कॅनमध्ये, त्यांचा मूळ डेटा दोन टेराबाइटच्या आसपास जातो, फोर-के मध्ये त्याच्या चौपट. तीन प्रती ठेवा, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, एक वेगळ्या शहरात. हार्ड डिस्क कपाटात पडून राहिली तरी बंद पडते. दर वर्षी जोडून तपासा. दीर्घकाळासाठी एलटीओ (डेटा साठवण्याची चुंबकीय) टेप चांगली. आणि स्कॅन करणाऱ्या स्टुडिओकडून मूळ चौकटींच्या फायली मागून घ्या. नुसती बघण्याची प्रत देऊन बिल करणारेही असतात. मला एकानं तसंच दिलं आणि ते कळायला मला दोन वर्षं लागली.

११. रिस्टोरेशनमध्ये किती ‘सुधारायचं’? कृष्णधवल सिनेमा रंगीत करू का?

ओरखडे, धूळ, थरथर, फाटलेल्या जागा हे सगळं काळानं आणून ठेवलेलं आहे, ते काढा. फिल्मचा दाणा (चित्रातला बारीक रवाळपणा), त्या काळच्या दिव्यांची धग, थोडा मऊ पडलेला क्लोज-अप हे कलाकारांनी केलेलं आहे. त्याला हात लावू नका. यंत्रानं चेहरे गुळगुळीत करून देणारी सॉफ्टवेअर आता स्वस्त झाली आहेत, आणि त्यांतून निघालेला चेहरा आपल्या नटाचा राहत नाही.

रंग ठरवताना छायालेखक हयात असतील तर त्यांना ग्रेडिंगच्या, म्हणजे रंग-उजेड जुळवण्याच्या, खोलीत बसवा. ते नसतील तर त्यांचा सहायक, तोही नसेल तर लॅबची चांगली जुनी प्रिंट समोर ठेवा. बाबांच्या एका सिनेमात पहाटेचा प्रसंग आहे. स्टुडिओतल्या मुलांनी तो छान उजळ करून दिला, मलाही आवडला. कॅमेरामनकाका बघून म्हणाले, “अगं, तिला तो माणूस दिसायलाच नको होता, म्हणून आम्ही अर्धा तास दिवा हलवत बसलो होतो.” सगळा प्रसंग पुन्हा काळोखात नेला. ते नसते तर चूक कायमची राहिली असती, आणि तीही माझ्या हातून, प्रेमापोटी.

रंगीत करण्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे: नको. कायद्याच्या कलम ५७ खाली कर्त्याच्या प्रतिष्ठेला धक्का देणाऱ्या विकृतीविरुद्ध वारसही उभे राहू शकतात. ज्या तरतुदीचा आधार आपण दुसऱ्याविरुद्ध घेऊ, तिचं भान आपल्यालाही हवं. लांबलेला प्रसंग कापायचा मोहही तसाच. कापलात तर मूळ लांबीची आवृत्ती आधी पूर्ण जतन करा आणि बदल कोणी, कधी केले ते पडद्यावर लिहा.

१२. पटकथा, फोटो, पुस्तिका, पोस्टर कसे ठेवायचे?

स्टेपलरच्या पिना आणि रबरबँड काढा, दोन्ही कागद खातात. सेलोटेप कधीच लावू नका. लॅमिनेशनही नको, ते परत काढता येत नाही. आम्लविरहित कागदाच्या फायली वापरा, पोस्टर घडीऐवजी आडवं किंवा मोठ्या नळीवर गुंडाळून ठेवा. फाटलेलं महत्त्वाचं पोस्टर असेल तर फोर्टमधल्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या संवर्धन केंद्रात चौकशी करा.

पटकथेच्या बाडात समासातल्या पेन्सिलच्या खुणा, चहाचे डाग, मागच्या पानावरचा बाजारहाट हे सगळं स्कॅन करा. बाबांच्या एका बाडात संवादाशेजारी नटीच्या गाडीची वेळ लिहिलेली आहे. त्यावरून चित्रीकरणाचा दिवस लागला.

१३. व्हीएचएस आणि यू-मॅटिक (जुन्या, मोठ्या व्हिडिओ) कॅसेटी?

यांना रिळांच्याही आधी हात घाला. फिल्म उजेडात धरून तरी बघता येते; टेपला यंत्र लागतं आणि यू-मॅटिकचं चालू यंत्र आता मुश्किलीनं मिळतं. पांढरी बुरशी दिसली तर घरच्या व्हीसीआरमध्ये घालू नका.

१४. कोणीतरी यूट्यूबवर पूर्ण सिनेमा टाकलाय. काढायला लावू?

आधी त्या माणसाशी नीट बोला. प्रत कुठून मिळाली, रेकॉर्डिंग कोणतं, किती मिनिटांचं, ते विचारा. कधीकधी त्याच्याकडची टीव्हीवरून घेतलेली कॅसेट हीच उरलेली एकमेव पूर्ण प्रत असते. माझं न सापडलेलं सातवं रीळ मी अशाच एका प्रतीत पहिल्यांदा पाहिलं, धूसर, कोपऱ्यात वाहिनीच्या चिन्हासकट. प्रत हाती आल्यावर मग तक्रारीचं ठरवा, आणि तीही हक्क तुमचे असतील तरच (प्रश्न ६ आणि ७).

१५. पत्रांत खासगी गोष्टी आहेत, दुसऱ्या बाईचीही पत्रं आहेत. जाळून टाकू?

जाळू नका, आणि लगेच कोणाला दाखवूही नका. पाकिटात घालून, बंद करून, कोणत्या सालानंतर उघडायचं ते लिहून संग्रहालयात ठेवता येतं. ही अट प्रश्न ९ च्या कागदात घाला. आलेल्या पत्राचा कागद तुमचा असला तरी मजकुराचा कॉपीराइट लिहिणाऱ्याचा असतो, म्हणून छापायचं झाल्यास तिकडची परवानगी लागते. त्या व्यक्तीचे घरचे हयात असतील तर त्यांना छापील पुस्तकातून हे कळू नये, एवढी काळजी घ्या. आई असेपर्यंत मी ती पेटी उघडली नाही.

१६. बाबांचा एक सिनेमा खरंच फसलेला आहे. तोही जपू?

हो. कोणता सिनेमा महत्त्वाचा हे ठरवायला आपण फार जवळचे आहोत. फसलेल्या सिनेमात गिरणगावातली जी गल्ली, जो भोंगा टिपला गेलाय, तो आता तिथे नाही.

१७. लोकांना दाखवायचं कसं?

जाहीर खेळाला सेन्सॉर सर्टिफिकेट लागतं. सिनेमॅटोग्राफ कायद्याच्या २०२३च्या दुरुस्तीनं ते कायमस्वरूपी वैध आहे, त्यामुळे जुनं चालतं; मात्र सिनेमात कापाकापी केली असेल तर मंडळाला कळवावं लागतं. हक्कधारकाची लेखी परवानगी घ्या. प्रभात चित्र मंडळासारख्या फिल्म सोसायट्या १९६८पासून मुंबईत अशा खेळांची सवय असलेला प्रेक्षक घेऊन आहेत, त्यांना विचारा. महाविद्यालयांनाही विचारा.

रविवारची सकाळ चांगली. वयस्कर मंडळी लोकलच्या गर्दीशिवाय येऊ शकतात. सिनेमात काम केलेल्यांना आणि त्यांच्या घरच्यांना स्वतः फोन करून बोलवा, पुढच्या दोन रांगा त्यांच्यासाठी ठेवा. दाराशी एक वही आणि दोन पेनं ठेवायला विसरू नका. आमच्या पहिल्या खेळानंतर एक आजोबा वहीपाशी बराच वेळ उभे होते. गर्दीच्या प्रसंगात छत्री धरून उभा असलेला मुलगा म्हणजे मी, असं म्हणाले, आणि त्यांनी बाजूच्या सहा जणांची नावं एकेक करून लिहून दिली.